ठरल्यापलीकडचे काम

ठरलेले काम ठरलेल्या रकमेत पूर्ण झाल्यावर आणखी काम करून घेतले गेले, तर त्याचे देणे लागते का? वरवर पाहता हा हिशेबाचा प्रश्न आहे. पण श्रमाचे फळ कोणाचे, आपण होऊन दिलेले आणि गृहीत धरून घेतलेले यांत अंतर काय, निष्काम कर्म सांगणाऱ्या परंपरेत मोबदला मागणे कितपत शोभते, हे सगळे त्यात येते. म्हणून तो धर्मविचाराचाही प्रश्न ठरतो. स्वतंत्रपणे काम घेणाऱ्या व्यावसायिकापुढे तो सतत उभा असतो, कारण त्याच्या कामाला ना भोंगा असतो, ना हजेरीपट.

मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी, माण, मारुंजी या गावांच्या शिवारात राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले आणि मोठ्या कंपन्यांच्या आसपास सुटी कामे घेणाऱ्यांचा एक वर्ग तयार झाला. कोणी वेबसाइट बनवतो, कोणी सॉफ्टवेअर तपासून देतो, कोणी ॲपची पाने आखतो, कोणी भाषांतर करतो. यांना नोकरी नसते. काम, मुदत आणि रक्कम ठरते, काम सोपवले की बिल जाते. समजा, पाच पानांची वेबसाइट, दोन वेळा दुरुस्ती आणि तीन आठवड्यांची मुदत असे ठरले. दोन्ही दुरुस्त्या झाल्या, काम सोपवले, आणि रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर निरोप आला: "एक छोटासा बदल आहे, सकाळपर्यंत होईल ना?" तो बदल खरोखरच छोटा असतो. पुढच्या आठवड्यात मजकूर मराठीतही हवा असतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात ऑनलाइन पैसे भरण्याची सोय हवी असते. प्रत्येक मागणी सुटी पाहिली तर किरकोळ वाटते, पण सगळ्या मिळून मूळ कामाच्या निम्मे काम होऊन बसते. यात क्लायंट लबाड असतोच असे नाही. आपण एक काम विकत घेतले की त्या माणसाची उपलब्धता विकत घेतली, याचा त्याने कधी विचार केलेला नसतो, इतकेच.

नोकरदाराच्या जादा कामाला निदान मोजमाप आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दर लावला. स्वतंत्र व्यावसायिकाने तास विकलेलेच नसतात. रात्री दोनपर्यंत जागून त्याने ठरलेलेच काम पूर्ण केले, तर ते जादा काम नव्हे. दुपारी तीन वाजता अर्ध्या तासात केलेले, पण ठरलेल्यात नसलेले काम मात्र जादा असते. त्याच्या बाबतीत घड्याळ निरुपयोगी आहे. त्याची मर्यादा बोलणीतून ठरते आणि बोलणी मोघम राहिली की ती पुसली जाते.

ठरवलेल्या बोलीला इतके महत्त्व देणे ही काही आजच्या कंपन्यांची देणगी नाही. मनुस्मृतीने कज्जेखटल्यांची १८ पदे सांगितली, त्यांत वेतन न देणे हे स्वतंत्र पद आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या तिसऱ्या अधिकरणात मजूर आणि धनी यांच्या वादांचे नियम आहेत. बोली झाल्यापेक्षा जास्त काम केले गेले, तर ते श्रम फुकट जाऊ देऊ नयेत, असे तिथे सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृती एकाच श्लोकात दोन्ही बाजू मांडते: कामकऱ्याने वेळ-जागा चुकवून नुकसान केले तर वेतनाचा निर्णय धन्याच्या मर्जीवर, आणि अधिक करून दाखवले तर अधिक द्यावे. मिताक्षरा या तिच्यावरील टीकेत विज्ञानेश्वराने त्याचा अर्थ आणखी नेमका केला. कामकऱ्याच्या जाणतेपणामुळे जास्त लाभ झाला असेल, तर आधी ठरलेल्या मोबदल्याहून काहीतरी जास्त त्याला मिळाले पाहिजे.

यापेक्षा खोल विचार वेदातल्या कर्मविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी केला आहे, तोही यज्ञाच्या संदर्भात. यज्ञ यजमानाचा असतो. मंत्र म्हणणारे, आहुती देणारे, सोम कुटणारे ऋत्विज बाहेरून बोलावलेले असतात. मग स्वर्गादी फळ कोणाला? जैमिनीच्या पूर्वमीमांसासूत्रांत तिसऱ्या अध्यायात याचा निर्णय आहे. फळ यजमानाला, कारण कर्म त्याच्यासाठी चालले आहे. ऋत्विजांनी केलेले काम यजमानाचे ठरते, कारण त्याने ते दक्षिणा देऊन त्यांच्याकडून घेतले. या देवघेवीला मीमांसक परिक्रय म्हणतात. दक्षिणा हे दान नाही, पुण्यासाठी टाकलेली भीकही नाही; ती ऋत्विजाच्या कामाची किंमत आहे, आणि ती चुकती झाल्याशिवाय कर्माचे फळ यजमानाकडे जाण्याला आधार उरत नाही. ज्योतिष्टोम या सोमयागात १६ ऋत्विज असतात आणि ११२ गाईंची दक्षिणा त्यांच्यात दर्जानुसार वाटली जाते. मनुस्मृतीचा आठवा अध्याय हीच वाटणी नमुना म्हणून पुढे ठेवतो आणि एकत्र काम करणाऱ्या इतरांनीही आपले हिस्से याच रीतीने ठरवावेत, असे सांगतो. यज्ञातला नियम बाजारातल्या कामाला लावण्याचे धाडस आजच्या लेखकाला करावे लागत नाही. ते स्मृतिकारांनीच करून ठेवले आहे.

मीमांसेच्या दहाव्या अध्यायात याची दुसरी बाजू येते. सत्र नावाचा दीर्घ सोमयाग असतो. त्यात किमान १७ जण एकत्र येतात आणि ऋत्विजांची कामे आपसांत वाटून घेतात. इथे दक्षिणा नाही. का नाही? कारण इथे प्रत्येक जण यजमानही आहे. फळ सगळ्यांना सारखे मिळणार आहे, त्यामुळे कोणी कोणाला विकत घेण्याचा प्रश्नच येत नाही.

या दोन निर्णयांत जादा कामाच्या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर सापडते. "आपण एक टीम आहोत", "हे तुमचंच प्रॉडक्ट समजा", "घरचंच काम आहे" अशी वाक्ये व्यावसायिकाच्या कानावर नेहमी पडतात आणि ती बहुधा मोबदल्याशिवायच्या कामाच्या आधी येतात. त्यांचा अर्थ असा की हे सत्र आहे, इथे दक्षिणा मागू नये. मग विचारायचे ते एवढेच: फळातही वाटा आहे का? नफ्यात हिस्सा असेल, मालकी असेल, निदान कामावर नाव असेल, तर काही रात्री विनामोबदला जागण्यात अन्याय नाही. सत्रात बसलेला माणूस तेच करतो. फळ मात्र सगळे एकाकडे जाणार असेल, तर तो परिक्रय आहे, आणि परिक्रयात प्रत्येक कामाची दक्षिणा असते. काम सत्राचे आणि फळ यजमानाचे, अशी तिसरी सोय मीमांसकांनी ठेवलेली नाही.

इथे गीतेचा आधार घेऊन आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, असे गीता सांगते. मग जादा कामाचे पैसे मागणारा फळाला चिकटलेला नाही का? महाराष्ट्रात या शिकवणुकीचा संस्कार खोल आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले गीतारहस्य १९१५ साली प्रसिद्ध झाले आणि कर्मयोग हा शब्द घराघरात पोचला. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, तीही गावोगाव वाचली गेली. हे वाचून मोठ्या झालेल्या माणसाला बिलात जादा ओळ लिहिताना संकोच वाटतो. त्या संकोचाची टिंगल करण्याचे कारण नाही. त्यामागे चांगली जडणघडण असते.

तरीही आक्षेप टिकत नाही. फळाची आसक्ती सोडायची ती कर्त्याने, आपल्या मनात. दुसऱ्याने त्याच्या वतीने ती सोडून टाकावी आणि फळ आपल्या घरी न्यावे, असे गीतेत कुठेही नाही. यज्ञात आहुती देताना 'न मम' म्हणतो तो देणारा. घेणाऱ्याने देणाऱ्याकडे बोट दाखवून "तुझे नाही" म्हणण्याचा विधी नाही. त्याग करायचा तर वस्तू आधी आपली असावी लागते. मोबदल्यावरचा हक्क मान्य झाला, तरच तो सोडण्याला त्याग म्हणता येईल. हक्कच नाकारला, तर सोडायला काही उरतच नाही. शिवाय मोबदला आणि फळ एकच नव्हे. अर्जुनाला ज्या फळाची चिंता होती ते युद्धाचे फळ, यशापयश. वेबसाइट चालेल की नाही, क्लायंटला आवडेल की नाही, नाव होईल की नाही, ही व्यावसायिकाच्या कर्माची फळे. त्यांच्याबद्दल त्याने जरूर अनासक्त राहावे. ठरलेली रक्कम हे दुसऱ्याने दिलेले वचन आहे. ते पाळण्याची जबाबदारी त्या दुसऱ्याची, आणि त्याला तिची आठवण करून देणे म्हणजे लोभ नव्हे.

गीतेचा सतरावा अध्याय इथे अधिक उपयोगी पडतो, पण त्याकडे फारसे कोणी वळत नाही. तिथे दानाचे तीन प्रकार आहेत. द्यायला हवे म्हणून, योग्य स्थळी, योग्य वेळी, परत काही न करणाऱ्याला दिलेले दान सात्त्विक. परतफेडीच्या आशेने, फळावर नजर ठेवून किंवा मनाला क्लेश देत दिलेले दान राजस. अवेळी, अपात्री, अवमान करून दिलेले ते तामस. मोबदल्याशिवायच्या जादा कामाला ही कसोटी लावली तर काय दिसते? पुढचे प्रोजेक्ट मिळेल या आशेने केलेले काम राजस. नाही म्हटले तर बिल अडेल या धास्तीने, दात ओठ खात केलेले कामही राजस. स्वतंत्र व्यावसायिकांचे फुकट तास बहुतांशी याच खान्यात पडतात. वरून ते उदारपणासारखे दिसतात आणि आतून माणसाला कडवट करतात. असे देणे थांबवल्याने आध्यात्मिक तोटा होतो, हे म्हणणे गीतेच्याच आधारे खोटे ठरते.

मोबदल्याशिवाय केलेले सगळेच श्रम संशयास्पद नसतात, हेही मुळशीतच शिकता येते. हिंजवडी सोडून पौडच्या पुढे गेले की आंबेमोहर आणि इंद्रायणीची भातखाचरे लागतात. लावणी पावसाच्या वेळापत्रकावर चालते. चिखलणी झाली की रोपे हातोहात लागली पाहिजेत, आणि एका घराच्या माणसांना ते जमत नाही. त्यासाठी सावड असते. आज सगळे एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. एखाद्याचे काम मागे पडले की इर्जिक घातली जाते, म्हणजे शेजारीपाजारी आपापली अवजारे घेऊन येतात आणि ज्याचे शेत तो सगळ्यांना जेवू घालतो. पैसे कोणी कोणाला देत नाही, पण हिशेब मात्र पक्का असतो. कोण कोणाकडे किती दिवस आला हे सगळ्यांच्या लक्षात असते, आणि ज्याला स्वतःला जमत नाही तो घरातले दुसरे माणूस पाठवतो. सावड टिकते ती दोन गोष्टींवर: दोघांचीही शेते आहेत, आणि दोघांनाही एकमेकांची गरज आहे. ज्याच्याकडे फक्त हात आहेत आणि परतफेड घ्यायला शेतच नाही, तो सावडीत बसत नाही, त्याला मजुरीच द्यावी लागते. क्लायंट "पुढे बघून घेऊ" म्हणतो तेव्हा तो सावडीची भाषा बोलत असतो. त्याच्याकडून उलट काय आणि कधी येणार, हे सांगता येत नसेल तर ती सावड नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासात श्रम फुकट घेण्याची तिसरी, काळी रीत होती: वेठ. परंपरा सांगते की संत चोखामेळा १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली दडपून गेले. त्या कामावर त्यांना वेठीने नेले होते. ज्या भक्ताची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर आहे, त्याचा अंत असा झाला, ही गोष्ट सेवेच्या गुणगानात विसरली जाऊ नये. मनुस्मृतीच्या ज्या आठव्या अध्यायात वेतनाचे नियम आहेत, त्याच अध्यायात शूद्राकडून, विकत घेतलेला असो वा नसो, दास्य करवून घेण्याची मुभा आहे. न्यायाचा नियम काहींसाठी आणि वेठ बाकीच्यांसाठी, अशी ती वाटणी होती. डॉ. आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन केले, आणि पुढच्या मार्चमध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. या कायद्याखाली वंशपरंपरेने गावकाम करणाऱ्या महार वतनदाराला काम किती आणि कोणते याला हद्दच नव्हती. दिवस-रात्र केव्हाही हाक येई, तो घरी नसला तर घरातल्या दुसऱ्याला जावे लागे, आणि बदल्यात तुटपुंजी जमीन व बलुते मिळे. हद्द नसलेले काम हाच त्या गुलामीचा गाभा आहे, हे आंबेडकरांनी नेमके ओळखले. ही वतने रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला.

हिंजवडीतल्या लॅपटॉपवरच्या जादा तासांना वेठ म्हणू नये. वीटभट्टीवर उचल घेऊन अडकलेले कातकरी कुटुंब आणि नाही म्हणू शकणारा डिझायनर यांना एका पंगतीत बसवणे हा त्या कुटुंबावर अन्याय आहे. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी केली. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करायला लावणारी आर्थिक लाचारीही सक्तीच असते. तो निर्णय ज्यांच्यासाठी झाला ते लोक वेगळे. त्यातून घ्यायचे ते एवढेच, की होकार होकार आहे की नाही हे ठरवताना नकार देण्याची मोकळीक होती का, हेही पाहावे लागते.

मुळशीने हा मुद्दा शंभर वर्षांपूर्वी जमिनीच्या बाबतीत मांडला होता. टाटा कंपनीच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी घेतल्या जाऊ लागल्या, तेव्हा १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तो १९२४ पर्यंत चालला. नुकसानभरपाई देऊ केलेलीच होती. तरीही 'जान किंवा जमीन' म्हणणाऱ्यांचा आग्रह होता की किंमत देण्याआधी विचारणे येते, आणि न विचारता घेतलेल्याला भरपाईने संमती चिकटत नाही. जादा कामालाही हे लागू पडते. नंतर खूश होऊन बक्षीस देणारा क्लायंट चांगला माणूस असेल, पण आधी विचारणारा क्लायंट न्यायी असतो.

कायद्याचा आधार आहे, पण थोडा. १८७२ च्या करार कायद्याचे ७० वे कलम सांगते की फुकट देण्याचा हेतू नसताना कोणी दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केले आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई दिली पाहिजे. बंगाल सरकारने रीतसर करार न करता एका कंत्राटदाराकडून गोदामाच्या शेड बांधून घेतल्या होत्या. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ च्या निकालात याच कलमावर सरकारला देणे लावले. मात्र फुकट देण्याचा हेतू नव्हता, हे दिसावे लागते. वर्षभर मुकाट्याने जादा काम करून देणाऱ्याचा हेतू काय होता, हे नंतर सांगणे अवघड जाते. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी असेल तर २००६ च्या कायद्याने बिल ४५ दिवसांत मिळायला हवे. पण बिलात न आलेल्या कामाला तो कायदा शिवत नाही.

म्हणून खरा भार बोलण्यावर येतो, आणि बोलायची वेळ कामाच्या आधीची असते. कोटेशनमध्ये काय आहे यासोबत काय नाही हेही लिहावे: किती दुरुस्त्या, कोणत्या भाषा, सोपवल्यानंतर किती दिवस शंका-निरसन, अर्जंट कामाचा दर काय. रात्रीचा निरोप आला की राग किंवा मौन यांपैकी काहीच कामाचे नाही. "सर, हे आपल्या ठरलेल्या कामात नव्हतं. करून देतो, दोन दिवस लागतील आणि इतकी रक्कम होईल. हो म्हणालात की सुरू करतो." यात तक्रार नाही, उपकार नाही, आणि क्लायंटला नाही म्हणण्याची मोकळीकही आहे. अनेक क्लायंट इथेच "मग राहू द्या" म्हणतात. त्या बदलाची त्यांना तेवढी गरज नव्हती, हे किंमत कळल्यावर त्यांनाही समजते.

कधी मनापासून द्यावेसेही वाटते. जुना क्लायंट अडचणीत असतो, संस्था गरीब असते, काम आवडीचे असते. तेव्हा जरूर द्यावे, पण दान संकल्प करून देतात तसे उघडपणे. बिलात त्या कामाची ओळ यावी, तिचा दर यावा आणि तितकीच सूट दाखवावी. घेणाऱ्याला काय मिळाले ते कळते, देणाऱ्याला आपण किती दिले ते कळते, आणि पुढच्या वेळी तेच काम हक्क म्हणून मागितले जात नाही. अशी मर्यादा सांभाळण्याची जबाबदारी दोन्ही बाजूंची असते. सिगालोवाद सुत्तात बुद्धाने धन्याची जी पाच कर्तव्ये सांगितली, त्यांत शक्तीप्रमाणे काम देणे आणि वेतन देणे यांबरोबर वेळेवर सोडणे हेही आहे. तिथेच कामकऱ्याचीही पाच कर्तव्ये आहेत: धन्याच्या आधी उठावे, नंतर झोपावे, दिले तेवढेच घ्यावे, काम नीट करावे, धन्याचे नाव चांगले ठेवावे.

ती दुसरी यादी व्यावसायिकाने विसरू नये. आपल्या चुकीची दुरुस्ती हे जादा काम नव्हे; बिघडलेले पान पुन्हा करून देणे मूळ रकमेतच येते. अंदाज चुकला, तीन आठवड्यांचे काम पाच आठवडे चालले, तर तो तोटा बोली करणाऱ्याचा. क्लायंटची मागणी मोघम होती की आपले ऐकणे अर्धवट होते, याचा निवाडा प्रामाणिकपणे करावा लागतो, आणि शंका असेल तिथे निम्मे-निम्मे सोसणे हा मध्यम मार्ग आहे.

काम वाढले की हाच व्यावसायिक कोणाला तरी हाताशी घेतो. माणमधला कॉलेजात शिकणारा मुलगा फोटो नीट करून देतो, एखादी गृहिणी मजकूर तपासते. त्यांच्यासाठी तो यजमान झालेला असतो. क्लायंटने रात्री मागितलेला बदल तो त्या मुलाकडे "एवढं बघ जरा" म्हणून सरकवतो, तेव्हा त्याची बोली त्या मुलाशी झालेली असते, क्लायंटशी नव्हे. क्लायंटकडून त्या बदलाचे पैसे आले नाहीत, तरी मुलाचे देणे त्याच्याकडेच राहते.